विलासच्या नावाची मूठ

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मग, खानदेशात काय पाहिलंस?" मी केळी म्हणते, शेवभाजी म्हणते, आणि विषय बदलते. जे पाहिलं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. आणि न सांगता माझ्याच्याने राहवतही नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी मालवणकडची. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर संशोधन शिकायचं म्हणून एका अभ्यासक्रमाला नाव घातलं. विषय होता संस्कृती आणि मानसिक आरोग्य. सोप्या भाषेत सांगायचं तर, घरातल्या एखाद्याचं मन बिघडलं की घरचे त्याला काय म्हणतात, कुणाकडे नेतात, कशावर विश्वास ठेवतात, हे त्यांच्या तोंडून ऐकायला शिकणं. आषाढाच्या सुरुवातीला आम्हा काही विद्यार्थ्यांना खानदेशात पाठवायचं ठरलं. माझी आई म्हणाली, "लोकांची दुःखं विचारत फिरायचं, हे काय शिक्षण झालं?" तेव्हा मला तिचा राग आला होता. आता येत नाही.

असोदा

सुरुवात जळगावातून झाली. आभाळ भरलेलं, पण पाऊस पडेना. अंगाला नुसती चिकचिक. आमच्याकडे आषाढ म्हणजे ओला हिरवा थाट. इथे तो गुदमरून बसलेला. सरावासाठी आम्हांला असोद्याला नेलं. एसटीतून उतरलो तर समोर केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर चिखलात रुतलेला आणि गावातली निम्मी माणसं त्याला सल्ला देत उभी. ढकलत कुणीच नव्हतं. एवढं मात्र अगदी आमच्या गावासारखं.

माझ्या वाट्याला एक म्हाताऱ्या काकू आल्या. ओट्यावर बसून उडीद निवडत होत्या. मी शिकवल्याप्रमाणे हळू आवाजात विचारलं, "काकू, तुम्हांला कधी उदास वाटतं का?"

"उदास व्हायले वखत कुठी हाये, बाई?" काकू हसल्या.

मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. सूप पाखडून झाल्यावर त्या आपणहूनच म्हणाल्या, "जीव लागत नही कधी कधी. घर भरेल असते तरी लागत नही. पन त्याले कोनी उदास म्हनत नही."

मग त्यांनी मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायला घातला. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काकू समाधानाने म्हणाल्या, "आता कशी मोकयी झाली!" दिवसभरात एवढंच काय ते हसले.

धुळे

धुळ्याला आमचा मुक्काम मोठा होता. जुन्या गावातले रस्ते सरळसोट आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर, त्यामुळे चुकायची सोय नाही. तरी मी दोनदा चुकले. सकाळी वर्ग, दुपारी एका सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात बसून नुसतं पाहायचं. आमच्या मार्गदर्शक बाई कडक. "तुम्ही डॉक्टर नाही, देव नाही, नातेवाईक नाही. ऐकणारे आहात. तेवढंच नीट करा," असं त्या रोज सांगायच्या.

त्या विभागाबाहेरच्या बाकावर नाना भेटले. पांढरी टोपी, धुवट धोतर, मांडीवर कापडी पिशवी. नंबर आल्यावर आत गेले आणि लगेच बाहेर आले. मला वाटलं, यांचंच काही दुखणं असेल. शेवटी विचारलं तर म्हणाले, "मना पोऱ्या अठे उना व्हता का, इतलंच इचारस."

मुलगा इथे आला होता का, एवढंच विचारायला ते येत. मुलाचं नाव विलास. त्याचे उपचार इथेच चालले होते. त्याला आवाज ऐकू यायचे, शेतातल्या विहिरीत कुणीतरी आपलं नाव घेऊन हाका मारतं म्हणायचा. गोळ्यांनी बरं वाटलं, म्हणून गोळ्या थांबवल्या. मग एका सकाळी विहिरीकडे जातो म्हणून निघाला, तो गेलाच. विहीर उपसून झाली, देवळं झाली, दर्गे झाले, पोलीस झाले. त्याला आता चौथं वर्ष. तरी नाना महिन्याच्या महिन्याला धुळ्याला येत, कारण विलासला घराबाहेरचा हा एवढाच रस्ता नीट ठाऊक होता.

बाईंना मी नानांबद्दल सांगितलं. घरच्यांची परवानगी घेऊन त्यांच्याकडे जाऊन ये, म्हणाल्या. जाताना मला काय ठाऊक, की मी त्या घराच्या ठसठसणाऱ्या गळवावरच बोट ठेवायला निघाले आहे!

शिंदखेड्याच्या आत

शिंदखेड्याहून थोडं आत त्यांचं गाव. दोन्ही बाजूंनी कापूस, मध्ये डांबर उखडलेला रस्ता. घर मातीचं, पण पुढे सिमेंटचा ओटा आणि त्यावर बाज. माझ्यासाठी नानांनी बाजेवर धुतलेली चादर टाकली होती. धाकटा मुलगा सुनील शेतातून मुद्दाम आला होता. दारातून डोकावून पाहत होती ती विलासची बायको, मंगला. नानांची बायको, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, ती आत चुलीपाशी होती.

मी साधा प्रश्न विचारला, जो पहिला विचारायचा असतो आणि ज्यात काही धोका नसतो असं आम्हांला सांगितलं होतं. घरात माणसं किती?

"चार," सुनील म्हणाला.

"पाच शेतस," आतून अक्का म्हणाली.

उत्तर मोठ्याने परत म्हणून खात्री करून घ्यायची, अशी आमची पद्धत. मी शहाणी! म्हणाले, "म्हणजे चार की पाच?"

सुनील जमिनीकडे पाहत होता. मंगला दारातून आत गेली. नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "चहा ल्या, ताई." नंतर बाईंना फोन करून विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, "दोन्ही लिही." सल्ला बरोबरच होता. पण माझ्या त्या प्रश्नाने त्या घरात जी शांतता पसरली, ती कशी लिहायची हे त्यांनी सांगितलं नाही.

मी त्या गावाला पुन्हा पुन्हा गेले. अक्का माझ्याशी बोलायची ती कामाबद्दलच. शेतातून परतताना मंगला मात्र मोकळी व्हायची. तिशीची असेल. मूलबाळ नाही. तिचा भाऊ प्रकाश धुळ्याला टेम्पो चालवतो. त्याने तिच्यासाठी दुसरं स्थळ पाहिलं होतं. बायको वारलेला, साधा माणूस. प्रकाशने येऊन नानांना सरळ विचारलं होतं, दाजी परत येणार असतील तर तसं सांगा, नाहीतर बहिणीला मोकळं करा. नाना म्हणाले होते, कानबाई होऊ दे.

"कानबाईचा याच्याशी काय संबंध?" मी विचारलं.

मंगलाने मग मला समजावलं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते. तिच्या रोटांसाठी आधी गहू मोजतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. बायकांची मूठ वेगळी नसते, त्या नवऱ्याच्या मुठीत. तेवढ्याच गव्हाच्या पिठाचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाडसर गोड पोळ्या. ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, सासरी गेलेल्या लेकीला नाहीत, आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. त्यांच्या घरात नेम आणखी कडक होता. ज्याच्या नावाची मूठ पडली नाही, त्याने रोट खायचा नाही.

मला नवल वाटलं. आमच्याकडे गणपतीत रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही ताटावरून उठवता येत नाही. इथला देव दार लावून जेवतो, असं मनात आलं. पण पुढचं ऐकलं आणि ते थट्टेचं वाटेनासं झालं. विलास गेल्यानंतरही दर वर्षी अक्काने त्याच्या नावाची मूठ टाकायला लावली होती.

"त्यासना नावना रोट मंग मीच खास," मंगला म्हणाली. तिच्या बोलीत खास म्हणजे खाते. "दुसराले देता येत नही, टाकता येत नही. बठ्ठा मनाकडे दखतस आनि मी खास."

यंदा मूठ पडली तर विलास घरातला माणूस, आणि मंगला नवरा असलेली बाई. मग प्रकाशने हात हलवत परत जायचं. नाही पडली, तर ती सुटली. हे तोंडाने कुणीच बोललं नव्हतं, पण घरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

"तुम्हांला काय हवंय?" मी विचारलं.

"माले कोनी इचारंच नही." थोडं चालून गेल्यावर ती म्हणाली, "तुम्हीन इचारं. पन तुम्हीन तं लिखाले इचारतस."

हे मला फार लागलं. तिने काही खोटं सांगितलं नव्हतं.

रावेर

कानबाईच्या आधीच्या आठवड्यात निरोप आला. गावातला एक ट्रकवाला रावेरला केळी भरायला गेला होता. तिथल्या एका पॅकिंगच्या शेडवर त्याला विलाससारखा माणूस दिसला. नाना धुळ्याला मला शोधत आले. "तुम्हीन बी चाला, ताई. तो बापनं ऐकाव नही, दवाखानाना मानूसनं ऐकी." नियमात हे बसत नव्हतं. तरी बाई म्हणाल्या, "सुट्टी घेऊन जा. आपल्या कामात धरू नकोस."

रावेरपर्यंत नाना कापडी पिशवी मांडीवर धरून बसले. तीत अक्काने दुधातल्या दशम्या बांधून दिल्या होत्या, विलाससाठी. मला भूक लागली होती, पण त्या सोडायचं नाव कोण काढणार? जळगाव गेलं, तापी गेली, मग नजर जाईल तिथवर केळी. एरवी हा देखावा पाहून मी हरखले असते. त्या दिवशी ती काळपट हिरवी पानं आणि वर सातपुड्यावर टेकलेलं आभाळ पाहून मनात एकच आलं. एवढ्या केळीत माणूस हरवला तर कसा सापडायचा?

शेडवर घड धुण्याचे हौद होते. बायका केळीच्या फण्या खोक्यांत भरत होत्या. मुकादम सलीमभाईंनी आम्हांला खुर्च्या दिल्या. "चाचा, निवांत बघा," ते म्हणाले. "आम्ही त्याला भाऊ म्हणतो. काम सांगितलं की करतो, नाव विचारलं की रडतो. म्हणून विचारायचं सोडलं."

हौदाच्या कडेला एक माणूस पाठमोरा बसून फण्या धूत होता. उंची तीच, खांदे तसेच पुढे झुकलेले, असं नाना पुटपुटले. ते उठले. मला वाटलं, धावतील. पण ते इतके सावकाश गेले की मला त्यांच्या मागे चालणं अवघड झालं. समोर जाऊन ते उभे राहिले. त्या माणसाने मान वर केली.

तो विलास नव्हता.

नानांनी डोळे मिटले. तेवढ्यात त्या माणसाने ओल्या हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "आबा, किती उशीर केला."

बोली खानदेशातली नव्हती. कुठली, ते मला ओळखता आलं नाही. नाना त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्याच्या शेजारी हौदाच्या कडेवर बसले. "हां भाऊ," म्हणाले, "व्हयना उशीर."

त्यांनी पिशवी उघडली आणि अक्काच्या दशम्या त्याला एक एक करून खाऊ घातल्या. तो खात होता आणि दुसऱ्या हाताने त्यांचं धोतर धरून होता. शेडवरच्या बायकांनी काम थांबवलं. सलीमभाई तोंड फिरवून खोकी मोजू लागले. मी तिथे उभी राहून रडले. बाईंनी शिकवलेलं सगळं त्या वेळी माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

निघताना त्याच्या मुठीतून धोतर सोडवायला फार त्रास झाला. मी सलीमभाईंना बाईंचा नंबर दिला. पुढे त्याच्यावर उपचार सुरू झाल्याचं कळलं. घर मात्र अजून सापडलेलं नाही. परतीच्या बसमध्ये नाना एवढंच म्हणाले, "कोना तरी तो शे, ताई."

कानबाई

गहू मोजायच्या दिवशी सकाळी मी गावात होते. मला बोलावणं अक्काचंच होतं. परक्याने आत बसायचं नाही, म्हणून मी ओट्यावर. माझ्या शेजारी प्रकाश. तोही इथे परकाच. तो मोबाइल चाळत होता, कान मात्र आत. उघड्या दारातून सगळं दिसत होतं. सारवलेली जमीन, गव्हाचं पोतं, सूप धरून बसलेली अक्का, समोर नाना, बाजूला सुनील आणि भाऊबंदांतली चार म्हातारी माणसं. मंगला मागे चुलीजवळ गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत होती.

नानांनी आधी स्वतःचं नाव घेतलं. एक भरलेली मूठ, वर पाव. गहू सुपात पडला. त्यांनी पुन्हा पोत्यात हात घातला, मूठ भरली, आणि ती मूठ वर येईना. प्रकाशचं बोट मोबाइलवर थांबलं. आत विळीचा आवाजही थांबला.

"सुनील म्हना," अक्का म्हणाली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "अवं, मोठाना ऱ्हायना."

"सुनील म्हना."

तिचा आवाज जराही हलला नाही. चार वर्षं जी बाई पाच शेतस म्हणून भांडत होती, तीच ही. भाऊबंदांतले एक आबा काही बोलायला गेले, तर तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. नानांनी पोत्यातल्या पोत्यात मूठ उघडली. गहू गव्हात पडला. मग त्यांनी पुन्हा मूठ भरली आणि सुनीलचं नाव घेतलं.

प्रकाशने सुस्कारा सोडला. मी मंगलाकडे पाहिलं. तिला हवं ते मिळालं होतं, असं मी समजत होते. ती उठून मागच्या दारी गेली आणि मोरीत हात धूत उभी राहिली. मी मागून फिरून तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "आते तो मरी गया ना, ताई?" मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ, नवं लुगडं, फुलांचा मांडव. गल्लीभर बायकांची गाणी. नटलेलं घर एवढं उदास मी कधी पाहिलं नव्हतं. जेवणाच्या वेळी दार लोटून घेतलं. शेजारच्या घरून माझ्यासाठी आणि प्रकाशसाठी खिचडी-कढी आली. आम्ही ओट्यावर पहिला घास घेतो न घेतो तोच दार उघडून मंगला बाहेर आली आणि आमच्या शेजारी बसली. तिने आपल्या हाताने तिसरं ताट वाढून घेतलं. मला आधी कळलं नाही, मग कळलं. नवऱ्याची मूठ पडली नव्हती, मग तिला आत ताट कुठून? जिथे ती इतकी वर्षं दोघांच्या वाट्याचं खात आली, तिथे आता ती माझ्याइतकीच पाहुणी होती. तिने सगळं ताट संपवलं, मान वर न करता.

सोमवारी वाजतगाजत कानबाई नदीवर गेली. दुपारी प्रकाशने टेम्पो आणला. अक्काने मंगलाची ओटी भरली, पदर नीट केला, तिच्या तोंडावरून हात फिरवला. "जाय," म्हणाली, "मांगे दखू नको." मंगलाने खरंच मागे पाहिलं नाही. नाना शेताकडे निघून गेले होते, त्यांना ते पाहवलं नसतं.

माझीही बसची वेळ होत आली होती. ओट्यावर अक्का आणि मी दोघीच उरलो. निरोप घेताना शेवटी एक प्रश्न विचारायचा असतो, समोरच्याच्या मनात काही राहून जाऊ नये म्हणून. मी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "अक्का, अजून काही सांगायचं राहिलंय का?"

"सांगानं नही," ती म्हणाली. "इचारानं शे."

"विचारा ना."

ती रस्त्याकडे पाहत होती. टेम्पो कधीच दिसेनासा झाला होता.

"त्याना नावना गहू मी टाकू दिन्हा नही. घरमा त्याना वाटाना रोट नही. तू शिकेल शे, तू सांग माय, आते तो उना तं त्याले काय खावाडू?"